केमिस्ट्रीचे सर मे महिन्यात जातात तरी कुठं?

बातमी आतल्या गोटातली आहे, तेव्हा जरा जवळ सरकून बसा. आमच्या शिरूर अनंतपाळात यंदा केमिस्ट्रीच्या सरांनी सख्ख्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला दांडी मारली. ताप नव्हता, सुतक नव्हतं, सासरवाडीशी बोलचाल बंद आहे म्हणावं तर तेही नाही. सर गेले होते पुण्याला, केमिस्ट्री शिकवणाऱ्यांच्या परिषदेला. मे महिन्यात. पदरचे पैसे भरून. आणि परत आले ते चक्क हसत!

शेजारच्या मामी तांदूळ पाखडत बसल्या होत्या. हे ऐकून सूप हातात तसंच राहिलं. "अगं बाई, पैसे भरून माणूस तिरुपतीला जातंय, गाणगापूरला जातंय. ॲसिडाचा वास घ्यायला पुण्याला कोण जायलंय?"

प्रश्न बिनतोड होता. मग गावानं आपापल्या परीनं शोध लावायला सुरुवात केली. पहिला तर्क असा की, सरांनी पुण्यात गुपचूप प्लॉट घेतलाय आणि परिषद हे नुसतं निमित्त. दुसरा तर्क त्याहून दमदार. लातूरच्या कुठल्यातरी क्लासवाल्यानं सरांना फोडलंय म्हणे. लातूर पॅटर्नच्या मुलखात केमिस्ट्री शिकवणारा माणूस म्हणजे दावणीची दुभती म्हैस. ती कधी कोण सोडून नेईल, सांगता येत नाही. तिसरा तर्क मी सांगणार नाही. सरांच्या मंडळींनी तो हसण्यावारी नेला, एवढं पुरे.

बरं, हे खूळ एकट्या सरांचं असतं तर आपण सोडून दिलं असतं. पण निलंग्याच्या म्याडमही गेल्या होत्या. उदगीरचे दोघं होते. आणि देवणीकडचे एक सर, ज्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय, तेही पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते! पेन्शनचे कागद जुळवायचे दिवस, आणि हा गृहस्थ नवं शिकायला जातो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय की नाही?

आता तुम्ही म्हणाल, मास्तर लोकांना प्रशिक्षण काय नवीन आहे? नाहीच. सरकारी प्रशिक्षणाचं आम्हाला कधीच काही वाटलं नाही, कारण त्यातला हिशेब सरळ आहे. बारा वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवडश्रेणी. आणि पगाराची ती पायरी चढायची तर प्रशिक्षणाचा उंबरा ओलांडावा लागतो. २०२२ साली हे प्रशिक्षण ऑनलाइन झालं, तेव्हा आमच्या स्टाफरूममधले निम्मे लोक कानात वायरी घालून बसलेले असायचे. २०२५ च्या जूनमध्ये मात्र समोरासमोर बसायचं ठरलं, शाळा उघडायच्या तोंडावर. लोक गेले, बसले, सह्या केल्या, प्रमाणपत्र घेऊन आले. कोणी वावगं बोललं नाही. माणूस पगारासाठी उन्हात जातो, हे आपल्याला समजतं.

सीनियर कॉलेजवाल्यांचंही तेच. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. मग त्यांचं नाव ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झालं, आणि २०२३ पासून मालवीय मिशनची पाटी आली. पाटी बदलली तरी कारण बदललं नाही. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर केल्याशिवाय बढतीची फाईल हलत नाही, म्हणून प्राध्यापक जातात. शिवाय २०२० च्या नव्या धोरणानं लिहूनच ठेवलंय की, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत. बरं बुवा, द्या. पण ५० तासांत जे मिटतंय, त्यासाठी साखरपुडा मोडून, म्हणजे चुकवून, जायचं? आणि टीए-डीए नाही, ऑन ड्युटी रजा नाही, वेतनवाढ नाही, तरी जायचं? इथंच आमचं डोकं चालेना.

मी मराठी शिकवते. आमच्या विषयालाही मेळावे आहेत, नाही असं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं साहित्य संमेलन उदगीरलाच झालं, भारत सासणे अध्यक्ष होते. आम्ही उन्हातान्हात गेलो, पुस्तकांच्या गाळ्यांवर घाम गाळला, रसवंतीत बसून मराठीच्या भवितव्यावर वाद घातला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. सोमवारी पुन्हा वर्गात तोच धडा, तीच टिपणं. आमच्या तालुक्याला जत्रेचंही वावडं नाही. उजेड गावात जानेवारीत खुद्द गांधीबाबांची जत्रा भरते. बाकी देशात गांधी तसबिरीत बसतात, आमच्याकडं त्यांच्या नावानं पाळणे फिरतात. तेव्हा माणसानं कुठं जमावं, कशासाठी जमावं, याबद्दल आमचं मन मोठं आहे. तक्रार वेगळीच आहे. जत्रेला गेलेला माणूस जत्रा संपली की पूर्ववत होतो. हे केमिस्ट्रीवाले होत नाहीत! परत येतात आणि कामाला लागतात.

या रोगाचं मूळ शोधायला गेलं तर ते जर्मनीत सापडतं. १८६० साली, सप्टेंबरच्या ३ ते ५ तारखांना, कार्ल्सरूह नावाच्या गावात युरोपभरचे शंभराहून जास्त रसायनवाले जमले. केकुले, वुर्ट्झ आणि वेल्टझिन या तिघांनी आवतणं धाडली होती. कारण काय, तर भांडण. कार्बनचा अणुभार ६ धरायचा की १२, ऑक्सिजनचा ८ की १६, यावर कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. पाण्याचं सूत्रसुद्धा एकमतानं लिहिता येईना. कुणी एचओ लिहायचं, कुणी एचटूओ. एका ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटपणाची, केकुलेनं वेगवेगळी १९ सूत्रं गोळा करून पुस्तकात छापली होती. विचार करा, एकाच बोर्डाच्या परीक्षेला १९ उत्तरं बरोबर! पालकांनी काय केलं असतं?

तीन दिवस चर्चा झाली. ठराव? काही नाही. शास्त्राचा निकाल मतं मोजून लावायचा नाही, असं म्हणून मंडळी उठली. आपल्याकडच्या कुठल्याही परिषदेचा वृत्तांत असाच असतो, म्हणून मला हे वाचताना फार घरच्यासारखं वाटलं. पण खरी भानगड निघताना झाली. इटलीतल्या जेनोआचा एक मास्तर, कानिझ्झारो, तिथं आला होता. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यानं आपल्या पाठांची रूपरेषा लिहून काढली होती, १८५८ साली छापलेली. अव्होगाड्रोनं १८११ मध्ये सांगितलेली आणि पन्नास वर्षं लोकांनी अडगळीत टाकलेली गोष्ट धरून चाललं तर अणुभारांचा सगळा घोळ सुटतो, एवढंच त्यात वर्गाला समजावं अशा बेतानं मांडलेलं. त्याचा मित्र पावेसी यानं शेवटी त्या पुस्तिकेच्या प्रती वाटल्या. लोथार मायर नावाच्या तरुणानं ती खिशात घातली, पुढं निवांत वाचली आणि त्याची खात्री पटली. त्याच मांडवात रशियातून आलेला मेंडेलीव्हही बसला होता. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिता लिहिता मूलद्रव्यांना ओळीत कसं बसवावं या विवंचनेतून त्यानं आवर्तसारणी मांडली. म्हणजे भिंतीवरचा तो तक्ता, ज्याच्यावर आमच्या लॅबमध्ये पाल बसते, तो एका मास्तराच्या वाटलेल्या झेरॉक्समधून आणि दुसऱ्या मास्तराच्या गाईडमधून निघालाय! आणि आपण वाटलेले कागद बसमध्ये वारा घ्यायला वापरतो.

असो. पुण्यात काय घडलं ते ऐका. माहिती निलंग्याच्या म्याडमकडून मिळाली आहे, कारण सर सगळं सांगत नाहीत, लगेच फळ्याकडं वळतात.

पहिला दिवस सभ्य होता. नोंदणी, गळ्यात ओळखपत्र, ज्यूटची पिशवी, तिच्यात पॅड, पेन आणि सत्रांचं वेळापत्रक. दीपप्रज्वलन. वात पेटेना, तेव्हा सभागृहात दोनशे केमिस्ट्रीवाले असूनही शेवटी काडीपेटी चहावाल्याचीच लागली. शाल, श्रीफळ, स्वागतपर चार शब्द, ते चाळीस मिनिटं. मग ग्रुप फोटो. उंच माणसं मागं, उपप्राचार्य खुर्चीवर. इथपर्यंत सगळं आपल्या परंपरेला धरून. जेवणात लातूरकडच्यांनी आपला गट जमवला आणि निलंगा राईसपुढं पुण्याचा पुलाव कसा फिका आहे, यावर निष्कर्ष काढला. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या आपल्या तिघींना भौगोलिक मानांकन मिळाल्याचं म्याडमनी नागपूरच्या एका प्राध्यापकाला दोनदा ऐकवलं. त्यानं संत्र्याचा विषय काढला, पण त्याचं कोणी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मंडळी बिघडली. एक व्याख्यान होतं २०२५ च्या रसायनातल्या नोबेलवर. किटागावा, रॉबसन आणि याघी, या तिघांनी धातूचे अणू आणि कार्बनी साखळ्या जोडून अशा जाळ्या तयार करण्याची वाट दाखवली, ज्यांच्या आत रिकाम्या खोल्याच खोल्या असतात. आता अशा व्याख्यानाला दुपारच्या जेवणानंतर मागच्या तीन रांगांनी झोपायचं असतं, ही जनरीत आहे. पण वक्त्यानं सांगितलं की, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला हा रॉबसन १९७४ साली मुलांना रेणू शिकवायला लाकडी गोळ्यांचे मॉडेल बनवून घेत होता. विद्यापीठाच्या वर्कशॉपला प्रत्येक गोळ्यावर भोकं कुठं पाडायची, ते आखून द्यायचं होतं. आखता आखता त्याच्या ध्यानात आलं की, भोकं योग्य जागी पडली की जोडणी आपोआप योग्यच होते. रेणूची अख्खी अक्कल त्या भोकांत आहे. मग हाच खेळ खऱ्या अणूंशी का खेळू नये? ज्या मॉडेलवर आमच्याकडं धूळ बसते, ते बनवताना माणसाला नोबेलची वाट दिसली! मागची रांग जागी झाली.

आणि याघीचं ऐकून तर लातूरकडचे सरळ ताठ बसले. त्याचं बालपण जॉर्डनमधल्या अम्मानला गेलं, निर्वासितांच्या घरात, जिथं नळ नव्हता आणि पाणी यायचं ते अधूनमधून, ठरल्या वेळीच. तेवढ्यात भांडी भरून घ्यायची. पुढं त्याच्या गटानं ॲरिझोनाच्या वाळवंटात त्या जाळीदार पदार्थाकडून कोरड्या हवेतलं पाणी टिपून दाखवलं. रात्री हवेतला ओलावा खोल्यांत शिरतो, दिवसा ऊन लागलं की पाणी होऊन बाहेर येतो. आता सांगा, हे ऐकून लातूरचा माणूस कसा झोपेल? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आपण पाहिलंय. १२ तारखेची ती पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर माणसं देवाची पालखी आल्यासारखी जमलेली. व्याख्यान संपल्यावर देवणीच्या सरांनी उभं राहून विचारलं म्हणे, "किलोभर पावडरीला किती लिटर पडंल, आणि पावडर कितीला पडंल?" वक्त्यानं पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला तो हसला. पण सभागृहात त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न हाच होता, असं म्याडमचं मत आहे आणि माझंही.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र थेट आमच्या स्टाफरूमपर्यंत येऊन पोचली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. त्या दिवशी व्याख्यान नव्हतंच. प्रत्येकाला ॲप्रन घालून टेबलाशी उभं केलं आणि स्वतःच्या हातानं प्रयोग करायला लावले. छोट्या मापाचे. मायक्रोस्केल म्हणतात त्याला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली मंडळी बरीच वर्षं हे सांगत आली आहेत. केमिस्ट्री शिक्षकांच्या देशव्यापी संघटनेचं बिऱ्हाडही तिथंच आहे. आणि मास्तरांनी आधी स्वतःचे हात ओले करावेत हा विचार त्याहून जुना. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला सोळा शाळांत विज्ञानाचा असा प्रयोग सुरू झाला होता. मुंबई-दिल्लीचे शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून बीकर धुवायचे. २००२ मध्ये तो बंद पडला. म्हणजे खूळ नवं नाही. साथ मात्र आमच्या तालुक्यात आत्ता आलीय.

आता आतली गोष्ट. बारावीला केमिस्ट्रीत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं. हे ३० गुण म्हणजे आहेर, येतातच. लेखीसाठी आणि मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी पोरं सकाळी पाचला उठतात, लातूरला खोली करून राहतात, आईबाप शेत गहाण टाकतात. पण ब्युरेटचा नळ डाव्या हातानं फिरवायचा की उजव्या, हे विचारलं तर एकमेकांकडं बघतात. जर्नल मात्र सुबक! परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. तीन वेळा करायचं, सारखी आलेली रीडिंग शेवटच्या रकान्यात लिहायची, तिला सीबीआर म्हणतात, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जर्नलमध्ये सीबीआर कसा आलाय? १०.१, १०.०, १०.०. वर्षानुवर्षं, गावोगाव, पाऊस पडो न पडो, १०.०. पहिलं ०.१ कशाला? खरं वाटावं म्हणून. एवढी तयारीची लबाडी कादंबरीत लिहिली तर समीक्षक वाहवा करतील. सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलत नाही. घरातल्या अशा गोष्टी चारचौघांत काढू नयेत हे खरं, पण मी आधीच म्हणाले होते, जरा जवळ सरका.

तर पुण्यात सरांना म्हणे स्वतःचं टायट्रेशन करायला दिलं आणि तिन्ही रीडिंग वेगळी आली. वीस वर्षं मुलांना गुण देणारा माणूस! शेजारच्या टेबलावर निलंग्याच्या म्याडमचीही वेगळी. उदगीरच्यांनी एकमेकांची बघून घेतली, तरी जुळेनात. कोणी रागावलं नाही. का जुळत नाहीत, यावर अर्धा तास बोलणं झालं. थेंब टोकाला लटकून राहतो, डोळा पातळीत नसतो, गुलाबी छटा आली म्हणेपर्यंत एक थेंब जास्त जातो. सर सांगत होते की, गेल्या कित्येक वर्षांत केमिस्ट्रीवर इतकं गमतीनं बोललो नव्हतो. बोलले ते बोलले, वर डोळे चमकत होते. मला तर हेच सगळ्यात निषिद्ध वाटलं. मे महिन्यात, ४२ अंशात, एका विवाहित गृहस्थाला स्वतःचा विषय आवडायला लागतो!

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर दुकान मांडलं. बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घेतली. तिच्या खळग्यांत ड्रॉपरनं थेंब थेंब टाकला. एका खळग्यात जास्वंदीचा काढा आणि लिंबू, एकात जास्वंद आणि सोडा, एकात हळद आणि चुन्याची निवळी. लाल, हिरवट, विटकरी. पुढच्या ओळीत क्लोराइडची परीक्षा. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून ते लॅबमध्ये कुलपात असतं आणि मुलांना लांबून दाखवतात. इथं एका थेंबात दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. हायड्रोजन सल्फाइडसुद्धा इवल्याशा सिरिंजमध्ये केला. एरवी किप्स ॲपरेटस चालू झालं की सडक्या अंड्याचा वास ऑफिसपर्यंत जातो आणि फी भरायला आलेले पालक परत जातात. या वेळी काही वास नाही. शिपाईमामा दोनदा येऊन हुंगून गेले आणि "आज प्रॅक्टिकल नाही का?" विचारून गेले. आमचे इतिहासाचे सर, जे अठरा वर्षं स्टाफरूममध्ये पेपरच्या आडून फक्त चहासाठी डोकं वर काढतात, त्यांनी ड्रॉपर मागितला! मग मीही दोन थेंब टाकले. चर्चा करणाऱ्याला माहिती प्रत्यक्ष घ्यावी लागते.

मुलांचं सांगते. पहिल्यांदा त्यांना वाटलं, सर मजा करतायत; परीक्षेला हे येणार आहे का? एका पालकानं येऊन शांतपणे विचारलं, "सर, पोरगं म्हणतंय तुम्ही रीडिंग आपापली लिहायला लावायलाव. आम्ही नीटसाठी घातलंय त्याला." त्या बापाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचं शेत पणाला लागलंय त्यानं गुणांचा विचार नाही करायचा तर कुणी करायचा? सर म्हणाले, "राहू द्या, पाठांतराचा तास काढत नाही मी." पण जर्नलमध्ये आता ९.७ दिसतं, १०.४ दिसतं. एका पोरीनं ११.२ लिहून खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'एक थेंब जास्त गेला'. बारावीच्या जर्नलमध्ये खरं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. एक्स्टर्नल आल्यावर काय होईल ते होवो.

इथवर गोष्ट कॉलेजात होती, तोवर ठीक होतं. पण परवापासून ती गल्लीत उतरलीय. झालं असं की, सरांनी परिषदेतून पाण्याचा जडपणा मोजायची पद्धत आणली. बाटलीत बोरचं पाणी घ्यायचं, त्यात अमोनियाचं बफर, चिमूटभर काळी पूड, तिचं नाव एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी द्राक्षाच्या दारूसारखं तांबडं होतं. मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे. तांबड्याचं निळं झालं की थांबायचं. थेंब जितके जास्त तितकं पाणी जड. लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडं घरणीचं धरण आहे, साकोळचं आहे, तरी उन्हाळा चढला की भिस्त बोरवरच. हीटरच्या कॉइलवर पांढरा थर, हंड्याच्या बुडाला पांढरा थर, साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही. डाळ शिजली नाही की आजवर सुनेला बोलायची रीत होती. सरांनी मोजून सांगितलं की, दोष पाण्यातल्या कॅल्शियमचा आहे. गल्लीतल्या किती सासवांचं हातातलं हत्यार गेलं, याची या माणसाला कल्पना तरी आहे का?

वर म्हणतात, थर घालवायचा तर चिंचेचा कोळ लावून ठेवा, टार्टरिक आम्लानं सुटतो. हे मामींना आधीच माहीत होतं. "हे शिकायला पुण्याला गेलते का?" त्या म्हणाल्या. "माझी आजी सांगत होती, फुकट."

पण बाटली घेऊन पहिल्यांदा आल्या त्या मामीच. त्यांच्या मागं देशमुखांच्या वाड्यातल्या काकू, त्यांच्या मागं गिरणीवाल्यांची सून. पोरं ॲप्रन घालून ओसरीवर बसली, बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, थेंब मोजायला लागली. काकूंच्या बोरचं पाणी चारशेच्या आत आलं. मामींचं सहाशेच्या पुढं गेलं. दोन्ही बोरच्या मध्ये भिंत एक, पाणाडी एकच, दोघींनी नारळही एकाच दिवशी फोडलेला. ओसरीवर एकदम चिडीचूप.

"हिचं कमी कसं आलं?" मामींनी पदर खोचला. "पोरानं थेंब मोजताना वर बघितलं होतं, मी पाहिलंय. परत मोजा. माझ्यासमोर."

"तीन वेळा मोजलंय मामी," सर म्हणाले. "तिन्ही वेळा तेवढेच थेंब. सीबीआर आहे."

"कोण हाय तो सीबीआर?" मामी म्हणाल्या. "त्याला बी बोलवा. आणि सांगा त्याला, येताना देशमुखांकडं चहा घेऊन येऊ नको म्हणावं."